पाच बिरुदांखालचे अध्यक्ष

शाळेच्या वेबपानाचं उद्घाटन शनिवारी होतं आणि गुरुवारी दुपारी त्या पानावरून अध्यक्षांचं नाव गायब झालं.

बोईसरच्या त्या शाळेत संगणक येऊन दिवाळी उलटली, तरी मुलांनी तो दारातूनच पाहिला होता. खोलीची किल्ली अध्यक्ष नागोरावांच्या खिशात असे. हात धुतल्याशिवाय यंत्राला कुणी शिवायचं नाही, हा नियमही त्यांचाच. उद्घाटन झोकात झालं तर किल्ली शाळेला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. खंडेराव सरांना मुलांसाठी ती किल्ली हवी होती. बाकी सगळं त्यापायी चाललं होतं.

पान त्यांनी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून केलं. वरती माननीय, दानशूर, शिक्षणप्रेमी, क्रीडारत्न, सागरभूषण अशी बिरुदं, सत्काराच्या फलकावर असतात तशी एकाखाली एक. मग नागोराव, आणि त्याखाली सातवीच्या मुलांची नावं. बिरुदंच इतकी होती की पुढे 'साहेब' लिहायचं कुणाला सुचलं नाही. कॅफेतल्या मोठ्या पडद्यावर सगळं झकास दिसलं. शाळेतला पडदा मात्र छोटा. तिथे सागरभूषणापाशीच पान संपलं आणि नाव खाली बुडालं.

सरांनी अक्षरं बारीक केली. नागोराव पाहायला आले आणि चष्मा विसरल्यामुळे त्यांना ती मुंग्यांची रांग वाटली. अक्षरं पुन्हा मोठी झाली. मग सरांनी भीत भीत सुचवलं की एखादं बिरुद कमी करू.

"कुठलं?" नागोराव म्हणाले. "शिक्षणप्रेमी काढलं तर मी शाळेत येऊ कशाला?"

माननीय, दानशूर काढायची कुणाची छाती नव्हती. क्रीडारत्नाबरोबर मिळालेली शाल अजून कोरी होती. उरलं सागरभूषण. नागोरावांना होडीत बसलं की मळमळायचं, पण ते बिरुद किनाऱ्यावरच्या नवापूरच्या लोकांनी दिलेलं, आणि नवापूरची मंडळी शनिवारी येणार होती. बिरुदं जागच्या जागी राहिली. ऐन वेळी खालच्या बाणाची कळ जरा दाबू, म्हणजे नाव वर येईल, असं सरांनी ठरवलं.

शनिवारी खोली माणसांनी भरली. पान वाचून दाखवायचं काम मंगळीकडे होतं. ती सातवीची मॉनिटर. रोज हजेरीही तीच घ्यायची. तिने पाचही बिरुदं खणखणीत वाचली आणि ती थांबली.

"सर, खाली कायच नाय."

"मंग हा मानूस कोन?" मागून नवापूरच्या हिराबाईंनी विचारलं.

सर पुढे झाले, पण नागोरावांनी त्यांना हातानेच थांबवलं. उद्घाटक ते होते. कळ तेच दाबणार. त्यांनी अंगठीचं बोट बाणावर ठेवलं आणि, दाराची बेल दाबावी तसं, दाबूनच धरलं. माननीय वर सरकून गेलं. त्यामागे दानशूर गेलं. बघता बघता पाचही बिरुदं पडद्याबाहेर गेली आणि सगळ्यात वर राहिलं नुसतं नागोराव. खाली मंगळी, सुका, चिंतू.

एकाखाली एक नावं दिसताच मंगळीचा आवाज आपोआप हजेरीचा झाला. "नागोराव!"

सरांच्या डोळ्यांपुढून ती किल्ली दूर दूर जाऊ लागली. मंगळी मात्र खोळंबली होती. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही, ही सरांचीच शिकवण. तिने मान वर केली.

"नागोराव! हाय का नाय?"

नागोरावांनी पडद्याकडे पाहिलं, मग मंगळीकडे. बाणावरचं बोट काढून त्यांनी हात वर केला.

"हजर," ते म्हणाले.

मग मंगळी स्वतःच हजर झाली, सुका हजर झाला, चिंतू ओरडूनच हजर झाला. भाषण राहूनच गेलं. जाताना किल्ली सरांच्या हातावर ठेवत नागोराव हळूच म्हणाले, "पान असंच राहू द्या. वरचं कुणी नाही पाहिलं तरी चालेल."

सोमवारी सातवीची रांग हात धुऊन संगणकाच्या खोलीबाहेर उभी राहिली. सर दारात येऊन एकेकाचे तळवे तपासू लागले. चिंतूनंतरचे तळवे जरा मोठे होते आणि एका बोटात अंगठी होती.

"ओले आहेत," सर म्हणाले. "नीट पुसून या, आणि मागे उभे राहा."

अध्यक्ष रुमाल शोधत रांगेच्या टोकाला गेले.