साय वर येईपर्यंत

आमच्या वाडीत डेअरीला दूध घालायचं असेल तर आधी डोळे मिटावे लागायचे. हे वाचून तुम्हाला वाटेल, तिथे काहीतरी काळंबेरं चालत असणार आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ही व्यवस्था असणार. तसं नव्हतं. म्हणजे पुढे थोडं काळंबेरं झालंच, पण ते डोळे मिटायला लावणाऱ्याने नव्हे, मिटणाऱ्यांनी केलं.

डोळे मिटायला लावणारे गृहस्थ म्हणजे आमच्या दूध संकलन केंद्राचे सेक्रेटरी कारभारी अण्णा. कारभारी हे त्यांचं पाळण्यातलं नाव. आमच्या संगमनेर भागात हे नाव ठेवायची पद्धत आहे. ज्याला ठेवलं त्याच्या हाती पुढे कारभार येतोच असं नाही. अण्णांच्या हाती मात्र आला. वजनकाटा, दुधातली फॅट मोजून भाव ठरवणारं मशीन आणि गावातल्या यच्चयावत गायी-म्हशींची खबर, तिन्ही त्यांच्याकडे.

मी राहतो वाडीत आणि नोकरीला जातो संगमनेरला, एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून. आमच्या गोठ्यात एकच जर्सी गाय आहे. ती माझ्या पत्नीची, मंगलची. धार काढणं, वैरण, पेंड, सगळं तिच्याकडे. माझ्याकडे फक्त किटली डेअरीला पोचवायचं खातं. त्यामुळे अण्णांची आणि माझी गाठ रोज सकाळी पडायची.

पूर्वीचे अण्णा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. रांगेतल्या एकेकाची फिरकी घेतल्याशिवाय त्यांचा काटा हलायचा नाही. "नाना, आज म्हैस नदीत उभी करून पिळली का काय?" असं दगडूनानांना रोज विचारायचे, आणि नाना रोज नव्याने भडकायचे. मग अण्णांच्या सीताबाई गेल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला. अण्णा डेअरी आवरून घरी जायचे, स्वतःच्या दोन भाकरी थापायचे आणि संध्याकाळच्या दुधाची वाट बघायचे. बाप असा झुरताना बघून मुलीने त्यांना ध्यानाच्या शिबिरात नेऊन सोडलं. दहा दिवस मौन. "तिसऱ्या दिशी म्हातारं वाडीत परत दिसतंय बघा," असं दगडूनानांनी पारावर जाहीर केलं होतं. अण्णा दहाही दिवस पुरे करून आले, आणि आले ते वेगळेच माणूस होऊन.

"ध्यान म्हंजी डोंगरावर जाऊन बसायचं न्हाई," ते सांगू लागले. "शेन काढताना शेन काढायचं. धार काढताना धार काढायची. हाताला जे काम, मनालाबी त्येच." ऐकायला सोपं वाटतं, पण अण्णांनी ते करून दाखवायला सुरुवात केल्यावर गावाचे हाल झाले. हॉटेलात चहा आला की अण्णा आधी कपाकडे बघत. मग वास घेत. मग एक घोट घेऊन तो कुठवर पोचला याचा डोळे मिटून माग काढत. तोवर कपातल्या चहावर साय धरलेली असायची. "अण्णा, तुमचा एक चहा म्हंजी माझं एक टेबल गेलं," असं हॉटेलवाला एकदा हात जोडून म्हणाला. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढच्या पंगतीची ताटं मांडायला लागले तरी अण्णा पहिल्याच जिलबीच्या पहिल्या घासावर. आणि एकदा सगळं चित्त क्लचवर ठेवून मोटरसायकल चालवताना स्वतःचं घर मागे टाकून ते अकोले गावच्या रस्त्याला लागले. विचारलं तर म्हणाले, "गाडी मात्र झ्याक चालीवली."

"कुठं हाय तुमी?" हा त्यांचा आवडता सवाल. समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचे. माणूस म्हणायचा, "हितंच की, तुमच्या म्होरं." अण्णा मान हलवायचे. "न्हाई. तुमी अजून गोठ्यात हाय. वैरन टाकताय." आणि वाईट असं की ते बहुधा बरोबर असायचं. मला एकदा म्हणाले, "सर, तुमी संगमनेरच्या यष्टीत बसलाय." मी खरोखरच सीट धरत होतो.

इथवर कुणाची तक्रार नव्हती. गावाला करमणूक हवीच असते. पण मग अण्णांनी फर्मान काढलं की दूध घालण्याआधी सगळ्यांनी किटल्या खाली ठेवायच्या आणि एक मिनिट डोळे मिटून श्वासाकडे बघायचं.

आता सकाळची रांग म्हणजे काय ते दूधवाल्यालाच कळतं. कुणाची पोरं शाळेची, कुणाची मोटर चालू करायची राहिलेली, वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्यात हे मिनिट. त्या मिनिटात कुणी खोकायचं, कुणाचा मोबाईल वाजायचा, दगडूनाना तर मिटल्या डोळ्यांनी पुटपुटायचे, "श्वास घरीबी चालूच हाय की माझा." रस्त्यापलीकडे एक खासगी डेअरी होती. तिथे श्वासाची चौकशी होत नव्हती. हळूहळू किटल्या रस्ता ओलांडू लागल्या.

केंद्राचे चेअरमन येऊन अण्णांना सरळ म्हणाले, "दूध असंच घटत गेलं तर तालुक्याचा दूधसंघ ह्ये केंद्र बंद करील, शेजारच्या गावाला जोडील. तवा ह्ये मिनिट सोडा." केंद्र गेलं तर अण्णांनी सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न चेअरमनना पडला नव्हता. अण्णांना पडला असावा, कारण त्यांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, "दूध वाढीवतो मी. पर मिनिट ऱ्हाऊ द्या."

मिनिट वाचावं म्हणून अण्णा रांगेला रोज दोन शब्द सांगू लागले. एके दिवशी म्हणाले, "मन म्हंजी किटलीतलं दूध. ढवळत ऱ्हायलं तर नुसतंच हिंदकाळतं. शांत ठिवा. साय आपसूक वर येती."

रांगेत तिसऱ्या नंबरला ताराबाई होती. दोन म्हशी, एक गाय आणि वकिलाला लाजवील असं डोकं. बाकीच्यांनी हे वाक्य मनाबद्दल ऐकलं. ताराबाईने किटलीबद्दल ऐकलं.

अण्णा पूर्वी लांब दांड्याच्या मापाने किटली तळापासून ढवळायचे आणि मगच फॅट बघायला नमुना घ्यायचे. शिबिरातून आल्यापासून त्यांची ढवळाढवळ मंदावली होती. सगळे एवढे शांत उभे आहेत, दूध शांत आहे, त्यात दांडा घालायला त्यांचा हात धजेना. वरवरच माप बुडवायचे. ताराबाईने दुसऱ्या दिवशी पहाटेच धार काढली, किटली हौदाच्या गार पाण्यात ठेवली आणि मग न हिंदकळवता, पावलापुढे पाऊल टाकत डेअरीला आणली. मौनात मन लावून उभी राहिली. तिच्या गायीने त्या दिवशी म्हशीची फॅट दिली.

आठवडाभरात गावात अशी आध्यात्मिक लाट आली की विचारू नका. पलीकडे गेलेल्या किटल्या परत आल्या. माणसं रांगेच्या कितीतरी आधी येऊन बसू लागली. एरवी किटल्या मोटरसायकलला लटकवून खड्ड्यांतून उडवत आणणारी तरणी पोरं गाडी हाताने ढकलत येऊ लागली. मंगलने मला बजावलं, "चालत जा, आणि वाटेत कुणाशी बोलू नका. मान हलली की हात हलतो." एक मिनिट पुरेनासं झालं. "अण्णा, आजून जरा बसू या," असं लोकच म्हणू लागले. "मन आत्ता कुठं लागाया लागलंय," हे दगडूनानांचं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मिनिटाची पंधरा मिनिटं झाली. मला रोज लेटमार्क, पण गायीची फॅट बघून मंगल म्हणाली, होऊ द्या.

आणि अण्णा? त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ओळीने बसलेलं गाव, पुढ्यात किटल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मला वाटलं न्हवतं माझ्या वाडीला येवढी गोडी लागंल." मी शेजारच्या किटलीवरची साय बघत होतो.

शेवटी व्हायचं तेच झालं. आमच्या मशीनवर चढणारी फॅट तालुक्याच्या चिलिंग सेंटरला पोचेपर्यंत गायब व्हायची. सगळ्या किटल्या आमच्याकडे मोजून झाल्या की मोठ्या कॅनमध्ये एकत्र ओतल्या जात. ओतल्यावर कसली साय आणि कसलं काय. केंद्राची तूट वाढत गेली आणि एका सकाळी चेअरमन न सांगता येऊन मौनात उभे राहिले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, त्यांचे उघडे. त्यांनी ताराबाईला एक डोळा किलकिला करून किटली न्याहाळताना बघितलं. लांब दांड्याचं माप उचललं आणि तिच्या किटलीत खळाखळा फिरवलं.

"आवं, ध्यान मोडलं की माझं," ताराबाई कळवळून म्हणाली.

मशीनने गायीला पुन्हा गाय केलं. चेअरमननी दुसरी किटली ढवळली, तिसरी ढवळली. माझी चौथी होती; त्याबद्दल जास्त सांगत नाही. अण्णा प्रत्येक आकडा बघत होते. कुणावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हंजी समदी सायीसाठी बसत हुती."

चेअरमननी निकाल दिला, "उद्यापासून दूध आलं की ढवळा, मोजा, मोकळं करा. दुधाआधी मौन-बिन न्हाई. न्हाईतर काटा दुसऱ्याच्या हाती जाईल."

रांग सुसाट चालू लागली. ढवळ, मोज, पुढे. लोक खाली मान घालून यायचे आणि किटली रिकामी झाली की पसार व्हायचे. अण्णा फिरकी घेत नव्हते आणि उपदेशही करत नव्हते. मला एस.टी. वेळेवर मिळू लागली, पण सीटवर बसून चैन पडेना.

रविवारी किटलीचं झाकण विसरलो म्हणून परत गेलो, तर डेअरी रिकामी होती आणि अण्णा पुसलेला काटा पुन्हा पुसत होते. मी उगाच म्हणालो, "अण्णा, मौन काय, घरी बसूनही करता येईल की. उलट घरी जास्त शांतता."

"घरी गपच असतो की सर," ते म्हणाले. "सीता गेल्यापून सकाळचं दूध आटोपलं की सांजंपतुर माझ्या तोंडातून शबूद निघत न्हाई. शिबिरात मला काय जड गेलं न्हाई, सवयच हुती. पर तिथं समदी माणसं शेजारी बसून गप हुती. कुनी बोलत न्हवतं, तरी एकल्यासारखं वाटलं न्हाई. म्हनलं, वाडीत आपल्याला आसं मिनिटभर तरी गावंल का." मग काटा पुसता पुसता म्हणाले, "सायीसाठी का हुईना, बसत हुती."

घरी येऊन मी मंगलला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि गोठ्यात गेली. ती कुणाकुणाशी बोलली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

सोमवारी नेहमीसारखी रांग लागली. ढवळलं, मोजलं, ओतलं. ताराबाईने आपली रिकामी किटली विसळून पालथी घातली आणि निघायच्या ऐवजी भिंतीशी मांडी घालून बसली. तिच्या मागून दोन बाया बसल्या. चेअरमन दारातच होते. म्हणाले, "आता काय?"

"दुधाआधी न्हाई म्हनला हुता तुमी," ताराबाई म्हणाली. "आमचं घालून झालं."

दगडूनाना गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली टेकले. "माझा पाय दुखतोय म्हनून बसलोय," त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं आणि डोळे मिटले. एकेक करत रांग भिंतीशी सरकली. कुणाच्याही किटलीत थेंबभर दूध नव्हतं. चेअरमन थोडा वेळ उभे राहिले, मग तेही पायरीवर बसले. मी एस.टी.चा विचार सोडून दिला आणि दगडूनानांच्या शेजारी जागा धरली.

मला डोळे मिटून राहणं फार वेळ जमत नाही, म्हणून मध्येच हळूच उघडले. सगळी वाडी डोळे मिटून बसली होती. अण्णा तेवढे मिटून बसले नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, ताराबाईकडे, नानांकडे, पुढच्याकडे, त्याच्या पुढच्याकडे, पुन्हा पहिल्यापासून. त्यांची नजर माझ्याकडे यायच्या आत मी डोळे मिटून घेतले.