हरिबाच्या यंत्राला गिऱ्हाईक

गावातल्या पोरांना संशोधक करून दाखवायचं मी एका संध्याकाळी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तसं जाहीरही करून टाकलं! जन्मभर लोकांची टिंगल लिहून पोट भरलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असले झटके येतात.

शाळेच्या भिंतीवर शास्त्रज्ञांच्या तसबिरी होत्या. सगळे दाढीवाले, सगळे परदेशी, आणि चेहरे असे, की जणू आत्ताच त्यांना एसटीच्या मागच्या बाकावर बसवून कोयनेच्या घाटातून वर आणलंय!

मी विचारलं, "यांच्यासारखं कोण कोण होणार?"

एकही हात वर झाला नाही. शेवटी सातवीतली क्रांती म्हणाली, "आवं आप्पा, ही समदी मेलेली हायत."

मुद्दा बिनतोड होता. पोरांना आपल्यातला, आपल्यासारखं बोलणारा आणि मुख्य म्हणजे जिवंत संशोधक दाखवायला हवा! असा एक गावात होता. हरिबा. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन त्यानं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. बायकापोरं नाहीत, सगळा जीव लोखंडात. त्याने नेमका कसला शोध लावलाय, एवढं मात्र मी बोलावण्याआधी विचारायला हवं होतं.

हरिबा ट्रॉलीतून काहीतरी ताडपत्रीखाली झाकून घेऊन आला. ताडपत्री काढली. माणसाएवढी लांब लोखंडी जाळी, खाली पंखा, पंख्याला सायकलची चेन आणि पायडल.

"वळखा बगू, ह्ये काय हाय?"

"पलंग!" मागच्या बाकावरून गुंडा नावाचं पोर ओरडलं.

"जवळ आलास. सरणाची जाळी हाय."

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला.

हरिबा शांतपणे सांगू लागला, "माझी आय ऐन पावसात गेली. लाकडं वली. सरण सारखं इझायचं. साखर टाकली, डिझेल वतलं, शेवटाला टेम्पोचं टायर आणलं. आयला टायरवर जाळलं म्या. तवाच ठरवलं, गावात पुन्यांदा कुणाचं असं हुयाचं न्हाई. खालनं वारं दिलं की वलं लाकूडबी पेटतंय."

पोरांचे डोळे बशीएवढे. हिला म्हणतात प्रेरणा, असं मी गुरुजींच्या कानात सांगितलं. गुरुजींनी पाणी मागवलं.

"चालवून बगितलं का, काका?" क्रांतीने विचारलं.

"कशावर बगू? समदी म्हनत्यात, यंत्र लय झ्याक हाय, पर पयलं आमचं मानूस नगं. गंजाय लागलंय ग ते. एकदा तरी चालल्यालं बगायचं हाय मला."

मग त्याने प्रत्येकाला पायडल मारायला बसवलं. आधी सावकाश, मग जोरात.

पोरांना एवढं कळलं, की शोध लागलाय, फक्त गिऱ्हाईक अडलंय! शाळा सुटली की टोळी घरोघर जायची. गुंडाच्या आज्याला ऐन जेवताना विचारणा झाली, "आबा, तुमी कवा जानार?" घास घशात अडकला आणि आबा तिथल्या तिथे नंबर लावता लावता वाचले! माझीही रोज सकाळी चौकशी व्हायची, "आप्पा, खोकला कसा हाय?" हल्लीच्या पोरांना वळण नाही म्हणतात, ते खोटं आहे असं मी चार लोकांना सांगितलं.

मग हरिबाचा चुलतभाऊ तात्याबा दारात आला. कमरेवर हात, डोळ्यांत जाळ.

"आप्पा! शाळा हाय का यमाचं हापीस? माझ्या आयला इचारत्यात, पयली तू जाशील का म्हनून!"

"मग काय म्हणाल्या साळूबाई?"

तात्याबा जरा बसला. "हूं म्हनली."

साळूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. त्यांनी पोरांना सांगितलं होतं, "म्या जाते की! माझी जाऊ जळताना त्यो टायरचा वास आला, त्यो अजून नाकात हाय. माझ्या हरिबाचं यंत्र पडून ऱ्हायला नगं."

झालं! उद्घाटनाच्या पाहुण्या ठरल्यावर पोरांनी त्यांची अशी काही सरबराई सुरू केली, की बोलायची सोय नाही! कुणी शिरा आणतंय, कुणी अंडी, कुणी पाय चेपतंय. पाहता पाहता म्हातारी उठून बसली. मग काठी आली. मग एके सकाळी साळूबाई चालत देवळात!

हरिबा माझ्याकडे आला. "चुलतीनं दगा दिला, आप्पा." आणि स्वतःच हसत सुटला. "संशोधक ऱ्हाऊ द्या. ह्या पोरास्नी डाक्टर करा!"

त्यानंतर पावसाने जी धार धरली, ती सोडलीच नाही. त्याच पावसात हरिबा गेला. दुकानात, यंत्राच्या चेनला तेल घालता घालता. तेलाचा डबा तसाच हातात होता.

स्मशानात सरण रचलं, पण लाकडं पाण्यानं फुगलेली. तिरडी अजून खालीच होती. लाकूड पेटतंय का बघायला पलिता लावला, तो नुसता धुमसत राहिला. यंत्राचं नाव कुणी काढेना.

तात्याबा हळूच म्हणाला, "टायर आणू का?"

"आण! त्यावर तुलाच ठेवते!"

साळूबाई! आमच्याकडे बायका स्मशानात येत नाहीत, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. मागून शाळेतली पोरं ती जाळी ढकलत आणत होती.

"ठेवा माझ्या लेकराला त्यात," त्या म्हणाल्या.

सरण जाळीवर रचलं. तात्याबानं अग्नी दिला. गुंडा पायडलवर बसला आणि क्रांती ओरडू लागली, "सावकाश... सावकाश... आता जोरात!"

आणि आग अशी भडकली, की पावसानंच माघार घ्यावी! ओलं लाकूड तडतडत पेटलं. धूर अजिबात नव्हता, त्यामुळे डोळे पुसायला कुणाला सबबही उरली नाही.

शाळेच्या भिंतीवर आता दाढीवाल्यांशेजारी हरिबाची तसबीर आहे. मी शोधून आणलेला जिवंत संशोधकही शेवटी तिथेच गेला.

काल क्रांती कागद घेऊन घरी आली.

"आप्पा, काकांच्या यंत्रात डोक्याकडं वारं कमी लागतंय. म्या पंख्याला नवी पाती काढल्यात."

माझा ऊर भरून आला! अखेर एक संशोधक घडवला! मी म्हणालो, "शाब्बास! अगदी बरोबर चालेल बघ."

"चालंल, पर बगितल्याबिगर कसं कळायचं? साळूआजी तर आता शेतात जायला लागलीय." तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आप्पा, खोकला कसा हाय?"

"खोकला? कुठला खोकला?" मी म्हणालो. आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तोंडात उपरणं कोंबून उभा राहिलो.