पाच वाजताचा पिवळा

घाडीकाकांनी आपल्या होणाऱ्या जावयाला पहिल्यांदा पारखलं ते गच्चीवर, भर बाराच्या टळटळीत उन्हात. मुलगा बिचारा खाली पोहे खात बसला होता. काकांनी ट्यूबलाइटकडे तुच्छतेने पाहिलं, त्याच्या हातातली बशी काढून घेतली आणि म्हणाले, "चला वर. दिव्याखाली सगळेच बरे दिसतात." गच्चीवर त्याला चारी दिशांना तोंड करून उभं केलं. निकाल आला, "नापास." लग्न झालं, दोन मुलं झाली, जावयाला टक्कल पडलं, निकाल अजून कायम आहे.

दत्ताराम घाडी मूळचे मालवणकडचे. उमेद गेली गिरणीच्या रंगखात्यात. रंगून आलेलं कापड नमुन्याशी जुळतं की नाही, एवढंच बघायचं काम. उत्तरेकडची एक खिडकी, तिच्यासमोर टेबल, आणि तोंडात दोन शब्द: पास आणि नापास. गिरणी गेली, काका मुलुंडला आमच्या सोसायटीत आले. खिडकी मात्र डोक्यात तशीच उघडी राहिली.

काका बाजारात आले की भाजीवाले हात जोडतात. वांगं हातात घेऊन हा माणूस ताडपत्रीच्या सावलीतून थेट रस्त्याच्या मधोमध उन्हात जाऊन उभा राहतो. मागे बस, रिक्षा, टेम्पो यांची पार भांडुपपर्यंत रांग लागते, पण वांग्याचा निकाल लागल्याशिवाय वाहतूक सुटत नाही. एकदा मी अर्धं कापलेलं, छान लालबुंद कलिंगड घेऊन येत होतो. काकांनी गेटवरच अडवलं. "खंय घेतलंस? लाल ताडपत्रीखाली ना? अरे मेल्या, ती ताडपत्री फक्त लाल उजेड आत सोडते. तिच्याखाली तुझी टाळूसुद्धा लाल दिसली असती. रंग वस्तूत नसता रे, उजेडात असता! उजेड पडतो, वस्तू त्यातला थोडा गिळते, उरलेला आपल्या तोंडावर फेकते. त्या फेकलेल्याला आपण रंग म्हणतो." कलिंगड घरी नेऊन खिडकीत धरलं तर ते दुधी भोपळ्याचं सख्खं भावंड निघालं.

बावीस वर्षांत काकांच्या तोंडून 'पास' ऐकल्याचं आमच्या सोसायटीत कुणी शपथेवर सांगू शकत नाही. सूर्य स्वतः दारात आला तरी म्हणतील, "जरा पिवळट आसा. नापास."

काकी मात्र याच्या उलट, सगळ्याला हो म्हणणाऱ्या. रोज दुपारी भजनी मंडळात जायच्या, झांजा वाजवायच्या. दिवाळीपासून दिसेनाशा झाल्या. विचारलं की काका म्हणायचे, "गुडघे."

अशात आमच्या इमारतीला रंग द्यायचं ठरलं. आमच्या ओळीत सहा इमारती, सगळ्या हस्तिदंती, जणू एकीच्या झेरॉक्स काढल्यात. सेक्रेटरी मी. कमिटीने दहा मिनिटांत पुन्हा हस्तिदंतीच पसंत केला. तेवढ्यात काका उठले. "शेड कार्ड ट्यूबलाइटखाली बघितलंत? वाट लागली तुमची."

झालं! नाक्याकडच्या भिंतीवर सात रंगांचे सात पट्टे मारून घेतले. बघायचे कधी? रोज संध्याकाळी पाचला. सकाळचं चालणार नाही, दुपारचं तर नाहीच. अकरा दिवस हाच खेळ. ठेकेदार रडकुंडीला आला. "काका, फायनल करो ना! परांची पे कबूतर ने अंडा दे दिया!"

जोशीबाई कमिटीतल्या तोफ. त्या कडाडल्या, "काका, भिंत आहे ती, नवरी नाही!"

"नवरी एकाने बघायची असते, बाई. भिंत सगळ्यांनी."

"मग तुमच्या मनात आहे तरी काय?"

"हळदी."

"हळदी? इमारत आहे की लग्नाचा मांडव?"

रविवारी मीटिंगमध्ये हात वर करून विषय संपवायचं ठरलं. शनिवारी पाचला काकांची हजेरी घ्यावी म्हणून मी भिंतीपाशी गेलो. काका नाहीत! बघतो तर लांब नाक्यावर, दूध केंद्राच्या बाजूला उभे. सोबत काकी. मी केंद्राच्या आडोशाने पुढे झालो. सेक्रेटरीला सगळीकडे कान ठेवावे लागतात.

"बघ आता. काय दिसता?"

"सगळा धुक्यासारखा दिसता."

"घाय करू नको. नीट बघ."

काकींनी डोळे बारीक केले. बराच वेळ गेला. "थंयसर... काय तरी पिवळा आसा. हळदीसारखा."

"तां आपला घर."

काकी हसल्या. "काल पण ह्याच सांगितलंय मी."

"काल ढग होते. आज परत बघूचा लागता."

काकांनी मान वळवली आणि मी सापडलो. मला वाटलं आता माझा निकाल लागणार. पण त्यांनी मला बाजूला घेतलं. "डोळ्यांचे पडदे गेलेत तिचे. डॉक्टर म्हणाला, आहे तेवढं सांभाळा. दिवाळीत दोनदा शेजारच्या इमारतीत चढली. परक्या दाराला आपली चावी लावत उभी राहिली. त्या घरातली पोरं हसली रे. मंडळ सुटलं ते त्या दिवशी."

"मग मीटिंगमध्ये सांगायचं ना, काका!"

"शपथ घातलीय तिने. कुणी कीव केलेली चालत नाही." मग भिंतीकडे बोट केलं. "पाचला मंडळ सुटता. त्या वेळचं ऊन तिरपं, पिवळट. हस्तिदंती त्यात विरघळतो, निळा काळा पडतो. हळदी तेवढा उभा राहतो."

रविवारी मी उठलो आणि आयुष्यातली सर्वोत्तम थाप मारली. "माझ्या मेहुण्याच्या सोसायटीने हळदी रंग लावला. पहिल्या महिन्यात डास गेले, दुसऱ्या महिन्यात पाली गेल्या, तिसऱ्या महिन्यात त्याची सासू गेली."

"कुठे?" जोशीबाई दचकल्या.

"कायमची गावी, राहायला."

ठराव हात वर करून मंजूर! आधी वर गेला तो जोशीबाईंचा हात. काका छताकडे बघत होते.

परांची उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचला मी गेटपाशी उभा होतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काका एक लाल भोपळा उन्हात धरून फिरवत होते. नाक्यावरून काकी आल्या, एकट्या, खांद्याला झांजांची पिशवी. पहिली इमारत गेली, दुसरी गेली. तिसरी आमच्या शेजारची, तिच्या फाटकाशी त्या थांबल्या. वर भोपळाही फिरायचा थांबला. काकींनी मान उचलली, डोळे बारीक केले आणि सरळ चालत आमच्या गेटातून आत आल्या.

"पास," वरून आवाज आला. अगदी हलका.

"भोपळा का, काका?" मी ओरडून विचारलं.

पण गॅलरी रिकामी होती. वर जाऊन बघतो तर आत काका पेपर उघडून बसले होते, आपण मुळी बाहेर आलोच नव्हतो असे. आणि डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती.