उदयोन्मुख टाकी

आमच्या छत्र्यांच्या कारखान्यातल्या पॅकिंग विभागात पाण्याची टाकी गळते, ही बाब मी पहिल्यांदा अध्यक्षांच्या निदर्शनास आणली, तेव्हा ती अगदी किरकोळ गळत होती. हे आधीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे फार जणांनी फार काही नमूद केलं.

मी तिथला अंतर्गत लेखापरीक्षक. म्हणजे पगार कंपनीचा घ्यायचा आणि चुकाही कंपनीच्याच काढायच्या. असल्या माणसाशेजारी डबा खायला कुणी बसत नाही. अपवाद माझ्या ताईचा. ती पॅकिंगला आहे. टाकी उभी आहे चार पायांच्या उंच लोखंडी घोडीवर, आणि घोडीच्या पायांमधली जागा फुकट जाऊ नये म्हणून तिथे ताईचं टेबल टाकलेलं आहे. चारातला एक पाय गंजून पापडासारखा झालेला.

"छोट्या, ही टाकी एक दिवस माझ्या टाळक्यात पडणार बघ," ताई म्हणाली. "एवढा मोठा तपासनीस ना तू? मग लिही की काहीतरी!"

लिहिलं. टाकी गळते, पाय गंजला आहे, खाली माणसं बसतात. अध्यक्षांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "नोंद घेतली." आमच्याकडे एकदा नोंद घेतली की मग दुसरं काही घ्यावं लागत नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच लिहिलं. त्यांनी पुन्हा नोंद घेतली.

त्यानंतर अध्यक्ष परदेशात कसल्याशा परिषदेला गेले आणि येताना एक कापडी पिशवी, दोन पेनं आणि एक शब्द घेऊन आले. पिशवी बाईसाहेबांना दिली, पेनं मुलांना दिली. शब्द आमच्या वाट्याला आला.

"उदयोन्मुख!" बैठकीत साहेबांनी टेबलावर हात आपटला. "सगळं जग उदयोन्मुख धोक्यांकडे बघतंय आणि आपण अजून गंजात अडकलोय. यापुढे अहवालात फक्त उदयोन्मुख जागतिक धोके. जे गेल्या वर्षी लिहिलं, ते यंदा लिहायचं नाही."

"साहेब, पण टाकी अजून गळतेय."

"गेल्या वर्षीही गळत होती ना?"

"हो."

"मग त्यात उदयोन्मुख काय?"

मी वहीतल्या टाकीवर रेघ मारली.

ताईला हे सांगितलं, तर तिने हातातला खोका टेबलावर आपटला. "अरे मेल्या, पाय आणखी गंजला म्हणजे धोका वाढला की कमी झाला?"

"व्याख्येनुसार संपला."

"आणि माझं टाळकं? ते कुठल्या व्याख्येत बसतं?"

बहीण ती बहीण. मी डोकं लढवलं आणि त्याच टाकीला नवे कपडे चढवले: 'जागतिक हवामानबदलाच्या पार्श्वभूमीवर पॅकिंग विभागात स्थानिक स्वरूपाची, अनियमित व वाढती पर्जन्यवृष्टी.' अध्यक्ष खुर्चीतून उठलेच. "वा! हे असं लिहायला इतकी वर्षं काय धाड भरली होती?" आणि जागच्या जागी सही केली.

दुसऱ्या दिवशी मी नळदुरुस्तीवाल्याची वाट बघत दारात उभा होतो. आल्या साहेबांनी बोलावलेल्या, पर्यावरणाच्या शाश्वतता सल्लागार बाई. त्यांनी टाकीकडे पाहिलंच नाही. भिंतीवरच्या शेवाळाला बोट लावून विचारलं, "ही हिरवळ कधीपासून आहे?"

"ओल आल्यापासून," ताई म्हणाली.

बाईंनी लिहिलं, 'जैवविविधता'. गळतीखाली ठेवलेल्या बादलीत एक बेडूक निघाला, तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पॅकिंगच्या बायका अंगावर थेंब नकोत म्हणून उघड्या छत्र्या धरून काम करत होत्या. त्याचं झालं, 'कर्मचाऱ्यांच्या सक्रिय सहभागातून उत्पादनाची प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी'. बादलीतल्या पाण्याने फरशी पुसतात असं कुणीतरी बोलून गेलं. झालं, 'पाण्याचा पुनर्वापर'.

"बाई, टाकी पडेल हो," मी हात जोडले.

"पडेल हे तुमचं मत झालं. आम्हाला आकडेवारी लागते."

त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता मागवण्यात आली. तिला माझे सगळे जुने अहवाल आणि अध्यक्षांचे शेरे खाऊ घातले आणि विचारलं, टाकी पडेल का? तिने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं, 'टाकीची वेळोवेळी नोंद घेण्यात आलेली आहे. परिस्थिती समाधानकारक.' आमच्या कार्यालयाची रीत शिकायला माझे केस पिकले. तिने चहा निवायच्या आत आत्मसात केली.

अहवाल निघाला. गुळगुळीत कागद, विटेएवढा जाड, मुखपृष्ठावर बेडूक. त्याला कसलासा मोठा पुरस्कारही जाहीर झाला. इकडे टाकीची धार करंगळीएवढी झाली आणि घोडी रात्रंदिवस कुरकुरायला लागली. शेवटी मी माझ्या खिशातून पैसे देऊन नळदुरुस्तीवाल्याला आणलं. तो शिडीवर चढतोय तोच अध्यक्ष धावत आले.

"खाली उतर! गळती बंद झाली तर पुनर्वापर शून्य, हिरवळ शून्य, बेडूक शून्य! पुढच्या वर्षी या सगळ्यात वाढ करू असं छापून दिलंय आपण!"

"साहेब," तो शिडीवरूनच म्हणाला, "गळती थांबवायला लोक बोलावतात मला. वाढवायला अजून कुणी बोलावलं नव्हतं." आणि आपली पिशवी उचलून निघून गेला.

गळती ठरल्याप्रमाणे वाढते आहे, असं प्रमाणित करायचं काम अर्थातच अंतर्गत लेखापरीक्षकाकडे आलं. मी रोज सकाळी मापाचं भांडं घेऊन ताईच्या टेबलाशी उभा राहायचो.

"काय रे, आज बरं गळतंय ना तुझ्या मनासारखं?" ताई एकदा म्हणाली. "भाऊ आहेस की वैरी?"

मला रडूच कोसळलं. पॅकिंगमध्ये एक सोय होती, छत्रीखाली रडलेलं कुणाला कळत नव्हतं.

मग पुरस्कारवाले आले. बेडकासह, हिरवळीसह, धारेसह अध्यक्षांचा फोटो काढायचं ठरलं. "बाई, जरा उठता का?" म्हणून ताईला उठवलं आणि तिच्या खुर्चीत अध्यक्ष बसले. मी म्हटलं, "साहेब, तिथे नका बसू." ते म्हणाले, "तुम्ही फ्रेममध्ये येताय."

साहेबांनी आपली छत्री मुठीने घोडीच्या गंजक्या पायाला अडकवून ठेवली होती. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, छत्री हातात घ्या, शोभून दिसेल." छत्री निघेना. साहेबांनी हिसका दिला. आमच्या छत्रीची मूठ तुटत नाही, त्याची आम्ही लेखी हमी देतो. घोडीच्या पायाची हमी कुणीच दिली नव्हती.

टाकी कलंडून शेजारच्या खोक्यांवर पडली. पाणी मात्र थेंबही वाया न जाता सगळं साहेबांवर. नखशिखांत भिजलेले अध्यक्ष फतकल मारून बसले होते, मांडीवर छत्री, टकलावर बेडूक. फोटोग्राफर इमानी माणूस, त्याने बटण दाबलं.

"ही टाकी पडणार हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?" साहेब कडाडले.

"साहेब, मी दरवर्षी..."

"जुनं उकरून काढू नका!"

ताईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "छोट्या, रोज मीच बसते रे तिथे," एवढंच म्हणाली.

आता नवी टाकी आली आहे. घोडी तीच, कारण तिचे तीन पाय चांगले आहेत आणि चौथ्याखाली आधाराला आमच्या पुरस्कारप्राप्त अहवालाच्या प्रती रचल्या आहेत. यंदा मी लिहिलं, 'टाकी केवळ अहवालाच्या आधारावर उभी आहे.' अध्यक्ष म्हणाले, "सुंदर वाक्य! मुखपृष्ठावर घ्या." ताईचं टेबल परत जागच्या जागी आलं. जागा फुकट घालवून कसं चालेल?

अहवाल सगळ्या भागधारकांना गेला. कुणी म्हणजे कुणी काही विचारलं नाही. बेडूक मात्र सगळ्यांना आवडला. तुम्हालाही आवडला असेल, म्हणून तर इथवर वाचलंत. फक्त ताईने तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. जिथे बसून हे वाचताय, तिथे जरा मान वर करा. छताला ओलीचा डाग, एखादी भेग, हलणारा पंखा, असं काही दिसतंय का?

काय म्हणता? तो डाग तर जुनाच आहे?

मग काही प्रश्नच नाही.