थंडी खालून येते

कॅम्पिंगच्या दुकानात गेले की शेवडेकाका आधी बूट काढायचे, मग खिशातली माकडटोपी चढवायचे आणि एखाद्या स्लीपिंग बॅगेत शिरून थेट फरशीवर डोळे मिटून पडायचे. चांगली वीस मिनिटं. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून जात. सेल्समन वाकून "सर, आर यू ओके?" विचारायचा. काका डोळे न उघडता म्हणायचे, "टेस्टिंग."

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बॉथेलला आम्ही शेजारी होतो. मी पस्तिशीचा, ते पन्नाशी उलटलेले. काकू एक हिवाळा कसाबसा काढून नागपूरला गेल्या, त्या परतल्याच नाहीत. काकांचा ध्यास एकच. एक रात्र बर्फात तंबू ठोकून झोपायचं. एकट्यानं जायचं नाही, हा नियमही त्यांचाच. म्हणून ते मला धरत.

"पिसांची बॅग नको. इथल्या पावसात भिजली की नुसता लगदा."

"बॅगेवरच्या टेंपरेचरला भुलू नकोस. तेवढ्या थंडीत माणूस मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. झोप लागते असं कुठं लिहिलंय?"

आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "बॅगेखाली अंथरायच्या पॅडवर कंजूषी करू नकोस. थंडी वरून नाही, खालून येते."

एकदा टेप घेऊन आले. "सरळ उभा राहा. सहा फूट एक. नेहमीच्या पॅडवर तुझे पाय बाहेर राहतील रे."

"या वर्षी नक्की, काका," असं मी तीन हिवाळे म्हणालो. दर वर्षी आयत्या वेळी कॅन्सल केलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी गाडी भरल्यावर मी फोन केला, "काका, एकशे दोन ताप आहे."

त्याच दुपारी मी आणि बायको जवळच्या रेडमंडला मित्राकडे जेवायला गेलो. माझी तिथली फर्माइशी नक्कल ठरलेली असायची. मी माकडटोपी घालून कार्पेटवर आडवा झालो आणि म्हणालो, "टेस्टिंग." लोक डोळ्यांत पाणी येईतो हसले.

संध्याकाळी परतलो तर दारात पॅडची गुंडाळी. वर चिठ्ठी: 'अंगाखाली घाल. तापात थंडी खालून येते. बेल वाजवली. झोपला असशील.'

ड्राइव्ह-वेत आमची गाडी नव्हती. ते त्यांना दिसलं नसेल, असं मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. बायको कुलूप काढत होती, तेवढ्यात मी चिठ्ठी खिशात घातली. आजवर तिला दाखवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी कुंपणावरून विचारलं, "उतरला ताप?"

"उतरला."

"बरं झालं."

बर्फाचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

ते गेल्यावर एकदा गॅरेजमध्ये ती गुंडाळी सोडली आणि वर पडून पाहिलं. पाय बाहेर राहिले नाहीत.