भोयर सरांची आमरी

भोयर सर लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी मांडव बघतात. कूलर कुठे, पंखे कुठे, ऊन कोणत्या बाजूनं येतं, हे पाहून झालं की मग आम्हाला बसवतात. "प्रकाश, तिथं नोको बसू. तो फांदीचा शेंडा हाये, वाळून जाशीन. जागा पाहून बसजो!" कूलरसमोर पसरलेल्या मंडळींना ते बुंध्यावरचं शेवाळ म्हणतात, आणि तेही त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. त्यामुळे आमच्या सिंदी गावात सरांना पत्रिका सगळ्यांच्या येतात, पण शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असते.

सर आमच्या शेजारी राहतात. आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. तरुणपणी एकदा पोरांची सहल घेऊन सह्याद्रीतल्या दाट पावसाळी जंगलात गेले होते. शरीर परत आलं, मान मात्र वर ती वरच राहिली. अजूनही रस्त्यानं चालताना त्यांचं लक्ष फांद्यांत असतं, आणि त्यापायी ते नालीतही पडलेले आहेत.

"तिथं एका झाडावर अख्खं गाव राह्यते बाप्पा," ते सांगतात. "बुंध्याशी ओल अन् अंधार, तिथं शेवाळ. मधात जाड फांद्यायच्या बेचक्यात नेचे अन् आमऱ्या, तुमचे ते ऑर्किड. शेंड्यावर ऊन-वारा सोसन तोच टिकन. जो तो आपला मजला धरून हाये. कोणी कोणाच्या ताटातलं खात नाई." आमरीला कोणी बांडगूळ म्हटलं की सर उठून जातात. बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी नुसती टेकायला जागा मागते, हे ज्याला पटत नाही त्याच्याकडे ते चहासुद्धा घेत नाहीत.

गावच्या आरामशीनवर कापायला आंब्या-मोहाची जुनी खोडं येतात. त्यांना कधी एखादी आमरी चिकटून आलेली असते. सर ती सोडवून आणतात आणि ओळखीच्यांच्या अंगणातल्या झाडावर बांधून देतात. बांधायला काकूंच्या जुन्या पातळाच्या पट्ट्या. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगलोरला असते.

आमच्या कडुलिंबावरही त्यांनी एक बांधली. बुंध्यावर, छातीइतक्या उंचीवर, नेमकी पश्चिमेच्या उन्हात. मग रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन यायला लागले. पाणी शिंपडायला लागायचा क्षणभर, सर थांबायचे तासभर. सुनीता, माझी बायको, चहा-पोहे द्यायची. "सूनबाई, आज पोहे शेंड्यावरचे झाले, कोरडे!" असं म्हणून ते दुसरी बशी मागायचे.

यंदा मार्चमध्ये सर मुलीकडे गेले. चार दिवसांत आमरी सुकायला लागली. मला त्यांचा धडा आठवला. शिडी लावली, आमरी सोडवली आणि वरच्या जाड बेचक्यात, सावलीत, त्याच पट्टीनं नीट बांधली. सर किती खूश होतील म्हणून मीच खूश होतो.

सर आले ते थेट अंगणात, बाटली घेऊनच. रिकाम्या बुंध्यासमोर थांबले.

"सर, वर पाहा!" मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बराबर मजला हाये," ते म्हणाले. "सावली हाये, पाचोळा साचते. आता तिले पाणी नाई लागत." मग त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. सुनीतानं चहाचं विचारलं, तर "नोको सूनबाई, आता काम नाई राह्यलं" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत. आमरीला मात्र नवी मुळं फुटली, मे महिन्यात कळ्या धरल्या. शेवटी सुनीतानंच मला पिटाळलं.

सर दारात एकटेच बसले होते. मी सरळ विचारलं, "सर, वर ती आपसूक जगते हे तुमाले ठाऊक होतं. मंग खाली उन्हात काऊन बांधली?"

सर पहिल्यांदाच वर न बघता खाली बघत बोलले. "वर बांधली असती तं आपल्या मनानं जगली असती. मंग मी तुमच्याकडे काय म्हणून येऊ?"

मी एकदम खोटंच बोललो. "पण सर, वर नेल्यापासून ती पिवळी पडून राह्यली. तुमी पाह्यल्याबिगर काही खरं नाई."

सकाळी फाटक वाजलं. सर बाटली घेऊन झाडाखाली येऊन उभे राहिले. वर बेचक्यात आमरी भरभरून फुललेली होती, तिचा वास अंगणभर पसरला होता. पान एकही पिवळं नव्हतं. सुनीता चहा घेऊन ओट्यावर आली आणि तशीच थांबली.

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वर पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"लक्षण बरं नाई दिसत, प्रकाश. रोज येऊन पाहा लागन."