कोंबड्याच्या पिसालाही धक्का न लावता

मी एखादी गोष्ट हातात घेतली की तडीला नेतोच! हे मी नाही म्हणत, आमच्या कंपनीच्या स्टोअर्समधली माणसं म्हणतात. म्हणजे मी विचारलं तर म्हणतात. त्यामुळे बागेतल्या उंदरांचा बंदोबस्त करायची वेळ आली तेव्हा मी छाती पुढे काढून घरात जाहीर केलं, "या रविवारपर्यंत बागेत एक जरी उंदीर उरला तर नाव बदलीन! आणि तेही साहेबांच्या पिसालाही धक्का न लावता!"

साहेब म्हणजे आमचा कोंबडा.

मुलुंडला कॉलनीत तळमजल्यावर राहण्याचं एकच सुख, ते म्हणजे स्वयंपाकघरामागची, बाहेरून वळसा घालून जायची चिंचोळी जागा. तिला आम्ही बाग म्हणतो. तिथे अळू आहे, मिरच्या आहेत, एक पपई आहे आणि त्या पपईला पाय बांधून साहेब आहेत. माझी नोकरी कायम होऊ दे म्हणून आईने गावच्या राखणदार देवाला कोंबड्याचा नवस बोलला होता. नोकरी कायम झाली. आता मे महिन्यात गावी जाऊन ते देणं फेडायचं. आईचा आग्रह असा की कोंबडा घरात वाढवलेला हवा आणि अंगाने धडधाकट हवा. पायाचं नख मोडलेलं नको, तुरा फाटलेला नको, काही म्हणजे काही नको. त्याला नाव ठेवायलाही तिची बंदी होती. पण तो मान ताठ करून उगाच इकडून तिकडे फिरायचा, कामधाम काही नाही. आमचे मोठे साहेब कंपनीत असेच फिरतात. मग नाव पडलंच.

साहेबांच्या ज्वारीवर उंदीर यायला लागले. आधी दाणे पळवले, मग अळूचे कांदे कुरतडले, मग जमीन अशी पोखरली की धुणं वाळत घालताना माझी बायको नलिनी घोट्यापर्यंत आत गेली. आणि एके दिवशी साहेबांच्या पायाशी कुणीतरी दात लावायचा प्रयत्न केल्याची खूण दिसली. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

विषाच्या गोळ्या टाकण्याचा प्रश्नच नव्हता. साहेब दिसेल ते गिळतात. माझ्या शर्टाचं बटण त्यांनी गिळलंय, विडीचं थोटूक गिळलंय. शिवाय वरच्या मजल्यावरच्या प्रेमाबेनची मांजर, राणी, आमच्या बागेत उन्हाला येऊन बसायची. म्हणून मी बिनविषारी योजना आखली आणि जेवताना ती सांगायला तोंड उघडलं, "हे बघा, मी काय करणार, तर..."

आईने भाताच्या हातानेच माझं तोंड दाबलं.

"गप ऱ्हव मेल्या! तेंका ऐकाक येता!"

"कोणाला?"

आईने डोळ्यांनी बागेकडे खूण केली. "तू काय करतलंस ता बोललंस, की ते शाने होतत. घरात कोणी ह्या विषयार एक शब्द बोलाचो नाय!"

आमच्या गावाकडे ही पक्की समजूत. उंदरांचा बेत करायचा तर तो मनात करायचा. मी नलिनीकडे बघून मान हलवली. म्हणजे, मी बघतो काय ते. नलिनीनेही मान हलवली. आईनेही हलवली. तिघांचं एकमत झालं म्हणून मी समाधानाने ताक प्यालो. आता कळतं, की तिघांनीही "मी बघते, मी बघतो" असंच सांगितलं होतं!

शनिवारी संध्याकाळी मी बाजारातून पिंजरा आणला, पेपरात गुंडाळून, चोरट्यासारखा. आमिष म्हणून फळीवरच्या डब्यातला सुका बोंबील काढला. बोंबलाला नाही म्हणणारा जीव मी कोकणात पाहिलेला नाही. पिंजरा अळूच्या पानांखाली दडवला आणि झोपलो.

सकाळी पिंजऱ्यातून आवाज आला. मी धावलो. पिंजऱ्यात राणी! अर्धं अंग आत, अर्धं बाहेर, दार पाठीवर अडकलेलं आणि तोंडात बोंबील! सुटकेची तिला मुळीच घाई नव्हती. डोळे मिटून ती चावत होती.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून प्रेमाबेनची किंकाळी आली.

"अरे जयवंतभाई! ए शूं खवडाव्युं? आमची राणीनी आजपर्यंत कांदालसूण पण खाल्ला नाय!"

"प्रेमाबेन, तिने स्वतःहून..."

"दूध-खाखऱ्यावर मोठी केली मी तिला! आता देरासरमध्ये देवाला काय तोंड दाखवू?"

मी राणीला सोडवून वर नेऊन दिलं, हात जोडले. पण राणी प्रेमाबेनच्या कडेवरून मागे वळून आमच्या बागेकडे बघत होती, आणि ती नजर पिंजऱ्यावरून हळूहळू साहेबांवर येऊन थांबली. ती नजर मला आवडली नाही.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. मी थांबलो नाही! दुपारी जेवणं झाल्यावर मी साहेबांना उचललं, स्वयंपाकघरात ओट्याखाली सुतळीने बांधलं, खिडकी उघडी ठेवली आणि दार लोटून घेतलं. कुणाला सांगितलं? नाही! नियम म्हणजे नियम. मग निर्धास्तपणे झोपलो.

मी घोरत असताना नलिनीने बागेत काय केलं ते मला नंतर कळलं. बिल्डिंगच्या डागडुजीतलं उरलेलं सिमेंट तिने वॉचमनकडून मागून घेतलं होतं. त्यात फुटक्या बाटल्यांच्या काचा कालवून तिने बागेतलं एकूण एक बीळ लिंपून टाकलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखालची पोखरलेली जमीनही गिलाव्याने छान झाकली. फक्त धुण्याच्या दगडामागचं एक बीळ राहिलं, कारण सिमेंट संपलं. पपईखाली साहेब दिसले नाहीत, तर ते आईने हलवले असतील असं तिला वाटलं. तीही कोणाला काही बोलली नाही. हात धुऊन चहा ठेवायला जाणार, तर म्हणे मीच खोलीतून ओरडलो, "आज चहा नको!" साहेब आत आहेत हे कळू नये म्हणून मी चहा सोडला, यावरून माझा निर्धार लक्षात यावा!

संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला. रविवारचा सिनेमा म्हणजे अख्खी कॉलनी दाराआड. आई म्हणाली, "माका नको तुमचो सिनेमा, मी भायर बसतंय." आम्ही म्हटलं, बस.

साहेबांना नलिनीने हलवलं असेल असं समजून आईने बागेत शेगडी पेटवली. निखाऱ्यांवर ओंजळभर सुक्या मिरच्या टाकल्या. बाकीची बिळं कशी कोण जाणे बंद दिसली, म्हणून उघडं होतं त्या एकाच बिळाशी शेगडी टेकवली आणि सुपाने वारा घालायला लागली. गावाकडचा जालीम उपाय! उंदीर धुराने दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात आणि गाव सोडतात.

पण दुसरी तोंडं नलिनीने लिंपली होती. राहिलं होतं एकच, जे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते आमच्या ओट्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात उघडत होतं!

सिनेमात हिरो आईला भेटतो तोच मला खोकला आला. मग नलिनीला आला. "कोणाच्या घरात फोडणी जळली गं?" असं मी विचारतोय तोच स्वयंपाकघरातून साहेबांचा असा आक्रोश ऐकू आला की हिरोची आईसुद्धा दचकली असेल.

"कोंबडा आत कसा?" नलिनी ओरडली.

"मी ठेवलाय!"

"मला सांगायचं नाही?"

"बोलायचं नाही असं ठरलं होतं ना!"

मी दार ढकललं. आत लाल धूर, आणि त्या धुरातून उंदीर! लहान, मोठे, म्हातारे, कुटुंबंच्या कुटुंबं माझ्या पायांवरून ओळीने बाहेरच्या खोलीत चालली होती. साहेब सुतळी तोडून ओट्यावर चढले होते. मला बघताच त्यांनी माझ्या खांद्यावर पाय दिला आणि थेट खिडकीतून बागेत उडी घेतली.

एव्हाना वर "आग! आग!" सुरू झालं होतं. प्रेमाबेननी प्रसंगावधान राखून गॅलरीतून बादली ओतली. ती बरोब्बर शेगडीवर आणि आईवर पडली. शेगडी विझताना जो धूर निघाला, त्याने अख्खी कॉलनी सिनेमा सोडून रस्त्यावर आली. सगळे रडत होते.

आणि साहेब? साहेब खिडकीखालच्या ओल्या गिलाव्यात उतरले होते. पाय काढू म्हणतात, तर पाय निघेना! मी खिडकीतून ओरडलो. राणी कधी आली, कुठून आली, कोण जाणे. तिने झेप घेतली. मीही खिडकीतूनच झेप घेतली. साहेबांनी सगळा जीव एकवटून पाय उपटले आणि माझ्या कुशीत येऊन आदळले.

राणीच्या तोंडात त्यांची शेपटी राहिली. सगळी!

"अरे रे रे!" वरून प्रेमाबेन एवढंच म्हणू शकल्या.

आई भिजलेल्या लुगड्याने पुढे आली. तिने साहेबांना माझ्या हातून घेतलं, पाय चाचपले, तुरा बघितला, मग मागून हात फिरवला आणि तो हात तिथेच थांबला. जिथे काल तो हिरवाकाळा झुपका डुलत होता, तिथे आता काहीच नव्हतं.

"देवाक असो कसो देवचो?" ती हळूच म्हणाली.

पुढचं वाक्य काय असतं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. देवाला चालत नाही तो कोंबडा माणसांना चालतो. वडे आणि सागोती! नलिनीने माझं मनगट घट्ट धरलं. खरं सांगतो, मला त्या कोंबड्याचा लळा लागला होता आणि मे महिना कधी येऊच नये असं मला वाटत होतं. पण आईपुढे बोलायची हिंमत कुणाची?

साहेबांनी थरथरत आईच्या काखेत डोकं खुपसलं. आईचे डोळे भरून आले. मिरच्यांचा धूर तर केव्हाच विरला होता.

"हंय गावकार खंय मेळतलो," ती नाक पुसत म्हणाली. "मीच गाऱ्हाणा घालतंय. हात जोडा."

गावी देवाला असं साकडं गावचा मानकरी, म्हणजे गावकार, घालतो आणि बाकीचे होकार देतात. आम्ही हात जोडले. कॉलनीतली कोकणातली मंडळी आपोआप पुढे सरकली. आईने साहेबांना छातीशी धरलं आणि दक्षिणेकडे, गावाच्या दिशेला, तोंड केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! तुका बोललेलो हो कोंबो, हेची शेपटी मांजरान नेली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तर ह्या मुक्या जिवाक माझ्या दारात ऱ्हवाक दी, आणि मे म्हयन्यात दुसरो धडधाकट घेवन येतंय, तो गोड मानून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मला खरंच भरून आलं होतं.

"बागेतले उंदीर आता घरात शिरले आसत, तेंका जंय जावचा थंय जाव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी गॅलरीतून प्रेमाबेनही म्हणाल्या.

आता संपलं असं समजून मी हात खाली घेतले. पण आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"आणि ह्या माझ्या झिलाक, जयवंताक, वायच अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

काय तो आवाज! नलिनी, प्रेमाबेन, वॉचमन, रस्त्यावरची अख्खी कॉलनी! मी गप्प राहणार होतो. पण सगळे माझ्याकडे बघत थांबले होते, आणि गाऱ्हाण्यात एकानेही होकार दिला नाही तर ते पोचत नाही म्हणतात.

मी पुन्हा हात जोडले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."